वहीला मार्क नाहीत

मास्तरकीच्या धंद्यात नजर हे मुख्य हत्यार. खडू, फळा, पट्टी हे सगळं त्यानंतर. आधी वाशीला आणि मग खारघरला अशी एकतीस वर्षं मी मराठी शाळेत गणित शिकवलं, आणि माझ्या गणितापेक्षा माझ्या नजरेचीच ख्याती जास्त होती. फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहीत असले तरी मागच्या बाकावर कोण डबा उघडतंय ते मला कळायचं. मुलं म्हणायची, बाईंना पाठीला डोळे आहेत. खरं तर डबा उघडला की भाजीचा वास येतो, एवढंच त्यातलं गुपित. पण ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक बाई दिवाळी अंक काढतात. त्यांनी मला सांगितलं की ऑनलाइन शाळेच्या गमती लिहा, लोकांना हसायला आवडतं. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण लिहायला बसले आहे ते एका मुलीबद्दल. तिचं मी नुकसान केलं. चुकून झालं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. आता तेही जमत नाही.

करोनात शाळा बंद झाली आणि माझी ती नजर गेली. कुकरच्या डब्यावर फोन टेकवून मी शिकवायला बसायचे आणि समोर सेहेचाळीस काळे चौकोन, प्रत्येकात एकेक नाव. पहिला आठवडा मी नुसती ओरडत होते, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. आमचे हे बेलापूरच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. ते आतल्या खोलीतून "येतंय, येतंय" म्हणून उत्तर द्यायचे. मग कॅमेरे चालू ठेवायची सक्ती केली, तर त्यातूनही पोरांनी वाट काढली. एकाने मान हलवतानाचा स्वतःचाच व्हिडिओ लावून ठेवला होता. समजलं का विचारलं, मान हलली. नाही ना समजलं, असं विचारलं, तरी हलली. दोन दिवस मी त्याला वर्गातला सगळ्यात लक्ष देणारा मुलगा समजत होते. दुसऱ्या एकाची आजी शेजारी बसून तास ऐकायची आणि उत्तरंही तीच द्यायची. बरोबर असायची. शेवटी मी तिचं नाव हजेरीत घालते म्हटलं तर लाजली आणि दोन दिवस कॅमेऱ्यासमोर आली नाही.

हसून झालं की मात्र मला घाम फुटायचा. वर्ग दहावीचा होता. पंधरा वर्षांची पोरं, आणि त्यांच्या हातात असा फोन की ज्यात शाळाही तीच, खेळही तोच, मित्रही तेच. वर्गात बाक असतो, घंटा असते, मी असते. पोरगं खिडकीबाहेर बघायला लागलं की मी नुसतं त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहायचे. आवरायचं काम इतकी वर्षं मी करत होते आणि ते त्यांना येतं असं समजत होते. आता मी नव्हते, तर त्यांना स्वतःला आवरायचं कसं ते कुणी शिकवलेलंच नव्हतं. पालक फोन करून सांगायचे, बाई, तुमीच जरा दम द्या. दम द्यायला पोरगं समोर तर पाहिजे.

उपाय मला माझ्याच साखरेवरून सुचला. मला डायबेटिस निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडात जे जे टाकाल ते वहीत लिहा. पथ्य पाळा असं म्हणाले नाहीत, नुसतं लिहा म्हणाले. पहिल्या दिवशी मी दोन पेढे, अर्धी जिलबी असं लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. आठवड्याभरात जिलबी सुटली. म्हटलं, मनाचंही असंच करून बघू. मुलांना सांगितलं की एक वही घाला. चार रकाने आखा. तास कोणता, मन केव्हा गेलं, कुठे गेलं, परत कसं आलं. दर शनिवारी पानाचा फोटो मला पाठवायचा. तिचं नाव मी मोठ्या थाटात 'मनाची वही' ठेवलं.

आणि त्याच तासाला मी एक शब्द दिला. मी म्हणाले, "या वहीला मार्क नाहीत. वाचून मी कुणाला रागावणारही नाही. म्हणून खरं लिहा."

पहिल्या शनिवारी सेहेचाळीस फोटो आले. चहा घेऊन उत्साहाने वाचायला बसले. पंचेचाळीस वह्यांत एकच मजकूर होता, लक्ष विचलित झाले नाही. अक्षरं सुंदर. काहींनी तर सोमवार ते शनिवार एकाच बैठकीत, एकाच शाईत लिहून काढलं होतं. एका विद्वानाने रविवारीही लक्ष विचलित न झाल्याची नोंद केली होती. माझा विरस झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. बाईंना खरं सांगायचं नसतं हे मुलं पहिलीतच शिकतात.

सेहेचाळिसावी वही सानिकाची होती. सानिका म्हणजे वर्गातल्या मधल्या रांगेतली मुलगी, हुशार म्हणावी अशी नाही आणि ढही नाही. एकतीस वर्षांत अशा शेकडो मुली माझ्या हाताखालून गेल्या, त्यांची नावं मला आठवत नाहीत. हिचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये माथाडी. खारघरच्या गावठाणात एका खोलीत हे चौघं राहायचे. मार्केट त्या दिवसांतही चालू होतं, आणि लेकीचा तास बुडू नये म्हणून वडील आपला फोन घरी ठेवून कामाला जायचे. तिच्या पानावर लिहिलं होतं, 'भूमिती. दुसऱ्या प्रमेयाला मन गेलं. पाच पेडांची वेणी कशी घालायची ते बघत होते. बाईंनी माझ्या शेजारच्या नावाला हाक मारली तेव्हा दचकून परत आले. अकरा मिनिटं.' त्याखाली इतिहास, त्याखाली इंग्रजी. त्या आठवड्यात तिचं मन एकतीस वेळा गेलं होतं आणि तिने एकतीसही वेळा लिहिलं होतं.

मी खूश झाले. तिला अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढच्या शनिवारची वाट बघायला लागले. ती नुसतं लिहीत नव्हती, उपायही करून बघत होती. फोन हातात धरला की बोट आपोआप दुसरीकडे जातं असं तिच्या लक्षात आलं, तर तिने तो तांदळाच्या डब्यावर उंच ठेवून उभ्याने तास ऐकला. मग पाय दुखले, तर भिंतीकडे तोंड करून बसली आणि नुसतं ऐकून वहीत आकृत्या काढल्या. एकदा ओढणीने डावा हात स्टुलाला बांधला आणि आईच्या शिव्या खाल्ल्या, तेही लिहिलं. एकतिसाचे बावीस झाले, बाविसाचे चौदा. घरासमोर मेट्रोच्या खांबांवर काम चालू होतं. मन गेलं तर बहुतेक वेळा त्या खांबांकडे जायचं. तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता, सरकारी तंत्रनिकेतनात. हे मला वहीतूनच कळलं. गावी आजी एकटी होती आणि वडिलांनी सांगून ठेवलं होतं की सरकारी सीट लागली तर इथे शिक, नाहीतर गावाकडच्या कॉलेजात जायचं. ही अट तिने 'मन कुठे गेलं' या रकान्यात लिहिली होती.

आता माझं स्वतःचं. वर्गात मुलांना उदाहरणं सोडवायला दिली की मी बाकांमधून फिरायचे. घरी कुठे फिरणार? दहा मिनिटं गप्प बसून काळे चौकोन बघायचे. तेव्हा भाचीने माझ्या दुसऱ्या फोनवर रंगीत गोळ्या फोडायचा एक गेम टाकून दिला होता. तीन सारख्या गोळ्या एका ओळीत आणल्या की फुटतात. सुरुवातीला एखादा डाव. मग उदाहरणं चारऐवजी सहा द्यायला लागले. मग सोप्याऐवजी लांबलचक. मुलांना सरावाची गरज आहे असं मी यांना सांगितलं. यांनी नुसतं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि पेपर वाचायला लागले. तीनशेच्या पुढे पायऱ्या चढले होते मी त्या गेममध्ये. जिलबी सोडलेली बाई.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी सानिकाचं पान आलं. शब्दन् शब्द पाठ आहे माझा. 'बीजगणित. बाईंनी सहा उदाहरणं दिली. बाईंच्या इथून गोळ्या फुटायचा आवाज येत होता. मला तो गेम माहीत आहे. मन तिकडे गेलं, मग मीपण उघडला. नऊ मिनिटं. तिसरं उदाहरण राहिलं. बाईंचा आवाज बंद झाला तेव्हा परत आले.'

मी त्या दिवशी आवाज बंद करायला विसरले होते आणि माझा माइक चालू होता. सेहेचाळीस मुलांनी ऐकलं असणार. पंचेचाळिसांनी लिहिलं, लक्ष विचलित झाले नाही.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे सांगायला शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. सोमवारी तासाला म्हणायचं, पोरांनो, माझंही मन जातं, सानिकाने बरोबर लिहिलंय. जन्मभर लक्षात राहिला असता तो तास त्यांच्या. पण मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की त्या लाजेचा राग व्हायला वेळ लागत नाही. मनात म्हटलं, केवढीशी पोरगी आणि माझी नोंद ठेवते. आगाऊ. मुद्दाम लिहिलंय. मुद्दाम नव्हतं हे तेव्हाही मला कळत होतं. खरं लिहा म्हणून मीच सांगितलं होतं, तिने लिहिलं. त्या शनिवारी मी तिला अंगठा पाठवला नाही. पुढच्याही नाही. त्यानंतर तिचं पान यायचं, मी उघडायचे नाही. गेम मात्र आवाज बंद करून चालू होता.

पुढे दहावीची परीक्षाच रद्द झाली. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की परीक्षा नसली की शाळेची काय तारांबळ उडते. गुण तर द्यायचे, आणि प्रत्येक गुणाला कागदाचा आधार पाहिजे. काही गुण नववीचे आणि काही दहावीच्या वर्षात मुलाने शाळेत जे केलं त्याचे, असं ठरलं. त्यासाठी शाळेत निकाल समिती बसली. आता ऑनलाइन वर्षात मुलाने काय केलं ते कुणी पाहिलं होतं? चाचण्या सगळ्यांनी पुस्तक उघडून दिलेल्या. मुख्याध्यापक डोकं धरून बसले होते. म्हणाले, वर्षभर सातत्याने केलेलं काहीतरी दाखवा. बाकीचे शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले आणि मी छाती पुढे काढून म्हणाले, माझ्याकडे आहे. सेहेचाळीस मुलांच्या वर्षभराच्या नोंदी आहेत.

कुणी मागितल्या नव्हत्या. मीच दिल्या. मिरवायला मिळालं म्हणून दिल्या. दिलेला शब्द आठवला नाही असं नाही, आठवला. म्हटलं, परिस्थिती वेगळी आहे, मुलांच्या फायद्याचंच आहे. आणि पंचेचाळीस जणांच्या फायद्याचं झालंही. लक्ष विचलित झाले नाही म्हणजे सातत्य उत्तम, वीसपैकी एकोणीस. मान हलवणाऱ्या व्हिडिओलाही एकोणीस. क्लार्कने छापून काढलेल्या फोटोंत सानिकाची वही आली तेव्हा वरचंच पान बघून मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. म्हणाले, ही तर स्वतःच लिहून देते आहे की लक्ष नसतं. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बाई, मुलगी कशी आहे? तुमच्या शब्दावर ठेवू."

एवढा सरळ प्रश्न होता. खरं बोलणारी ही एकटी आहे, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तरी झालं असतं. पण तेच म्हटलं तर बाकीच्या वह्या खोट्या ठरत होत्या, म्हणजे माझा उपक्रम खोटा ठरत होता. शिवाय कुणी तिची वही उलटून नीट वाचली असती तर ते गोळ्यांचं पान निघालं असतं. मी म्हणाले, "वहीत आहे तेच." मग त्यांनी अकरा गुण मांडले आणि मी शेऱ्यात लिहिलं, आत्मनियंत्रणाचा अभाव. सही केली.

गणितात तिचे आठ गुण गेले. तंत्रनिकेतनाच्या यादीत ती तीन गुणांनी राहिली.

तिचे वडील तिला घेऊन शाळेत आले. शाळेत मुलं नव्हती, गेटवर सॅनिटायझरची बाटली आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सानिकाला वर्षभरात मी पहिल्यांदा पुरी बघितली. उंच झाली होती. वडील लांब उभे राहून, हात जोडून बोलत होते.

"बाई, मी शिकलेला न्हाय," ते म्हणाले. "पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. म्हंजी फुडं ती चुकायची न्हाय."

मी सांगितलं की तिचं लक्ष कमी पडतं, फोनवर इतर गोष्टी बघायची, तशी नोंद आहे. माणूस लेकीकडे वळला. ओरडला नाही. आपण वर्षभर बिनफोनचं कामावर जात होतो आणि ही फोनवर काय करत होती, एवढंच त्याने तिला हळू आवाजात विचारलं. सानिका त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली असावी. मी बोलले नाही तेव्हा म्हणाली, "बाई, वहीला मार्क नाहीत म्हणाला होतात."

मी म्हणाले की परिस्थिती बदलली, निर्णय समितीचा असतो. तशी वडिलांनीच तिला दटावलं, बाईंना उलट बोलायचं न्हाय, माफी माग. तिने हात जोडले आणि मास्कच्या आतून सॉरी बाई म्हणाली. मी मान हलवली. ती सॉरी मी घेतली.

ते गेल्यावर मी स्टाफरूममध्ये बसून तिची न उघडलेली पानं उघडली. चौदाचे नऊ झाले होते, नवाचे सहा. जानेवारीत गावी आजी आजारी होती तेव्हा पुन्हा सोळा. मग पाच, चार, दोन. मार्चमधल्या एका पानावर होतं, 'आज मन गेलंच नाही. बाई, हे खरं आहे.' सेहेचाळिसांत एकीला ती गोष्ट जमली होती, जी शिकवायला मी हा सगळा खटाटोप केला होता. तिने ती मला कळवली होती आणि मी फोटो उघडला नव्हता. तिच्याच शेऱ्यात मी लिहिलं होतं, आत्मनियंत्रणाचा अभाव.

तेव्हाही उठून गेले नाही. निकाल सरकारात गेला होता, दुरुस्तीला अर्ज लागला असता, अर्जात कारण लिहावं लागलं असतं. पुढच्या वर्षी शिक्षकांच्या एका मेळाव्यात मला त्या उपक्रमावर बोलायला बोलावलं. पडद्यावर आलेख दाखवला मी. वर्गाचं लक्ष कसं उत्तम राहिलं त्याचा. सानिकाची वही आलेखात बसत नव्हती म्हणून वगळली. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. शाल कपाटात आहे, अंगावर घ्यायला होत नाही.

मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली. या उन्हाळ्यात भाचीने मला फोनवर तोच गेम पुन्हा टाकून देऊ का विचारलं आणि मी तिच्यावर इतकी खेकसले की ती रडायला लागली. हे म्हणाले, त्या मुलीकडे जाऊन ये एकदा, घरादारावर काढू नकोस. यांना सगळं माहीत होतं तर. शाळेच्या क्लार्ककडून पत्ता काढला. सानिकाची धाकटी बहीण आता त्याच शाळेत आठवीला आहे, त्यामुळे सापडला. ती मंडळी करंजाड्याला राहायला गेली आहेत, खोलीतून वन रूम किचनमध्ये. रविवार बघून मी गेले.

सगळे घरी होते. वडिलांनी मला ओळखलं, चटकन उठून खुर्ची पुसून दिली. सानिका गावाकडे आर्ट्सला गेली, बारावी करून परत आली आणि आता इथल्या एका तपासणी लॅबमध्ये कॉम्प्युटरवर पेशंटची नावं भरते. बीए बाहेरून चालू आहे. डिप्लोम्याचं तिने काढलं नाही, मीही विचारायला धजले नाही. तिची आई चहा टाकायला गेली. मी घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले. जसं आलं तसं सांगितलं. गेमचं सांगितलं, त्या पानाचं सांगितलं, समितीत मला विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं ते सांगितलं. वडिलांना म्हणाले, तुमची मुलगी फोनवर वेळ घालवत नव्हती, वर्गात खरं लिहिणारी ती एकटी होती, आणि म्हणूनच तिचे गुण गेले. मी घालवले.

वडिलांनी चटईची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुमी एवढ्या उन्हाच्या आलात." त्यांनी लेकीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. चार वर्षं त्यांनी तिला काय काय ऐकवलं असेल ते मला त्या बघण्यात दिसलं.

सानिका म्हणाली, "मला माहीत होतं बाई. तुम्ही अंगठा पाठवायचं बंद केलंत तेव्हाच कळलं." रागाने नाही म्हणाली. मी रडले. तिने पाणी आणून दिलं. चहा आला, मी घेतला, आणि कबूल करते, मला हलकं वाटायला लागलं होतं. झालं, बोलून टाकलं, त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, आता मी घरी जाऊन झोपू शकेन, असा हिशेब मनात सुरूही झाला होता.

धाकटी बहीण कोपऱ्यात शाळेचं काम करत होती. नव्या बाईंनी एक छापील कागद दिला होता, दर आठवड्याला भरून द्यायचा. त्यातला एक प्रश्न तिने मोठ्याने वाचला, अभ्यासाला बसल्यावर मी मोबाईल किती वेळा पाहिला. मग तिने बोटांवर मोजलं आणि ताईला विचारलं, "सात झाले. सात लिहू?"

"शून्य लिही," सानिका म्हणाली. कप उचलता उचलता, सहज. मला टोचावं म्हणून नाही. मी तिथे आहे हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच नव्हतं. मग ध्यानात आलं, आणि तिने माझ्याकडे बघून कप पुन्हा खाली ठेवला.

धाकटी पेन धरून माझ्याकडे बघत होती. शाळेतल्या मोठ्या बाई अशी तिला माझी ओळख करून दिली होती, आणि ताईने चुकीचं सांगितलं तर बाई बोलतील हे तिला माहीत होतं. एकतीस वर्षं मी मुलांना खरं लिहा म्हणून सांगत आले. त्या पोरीला ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते? सांगितलं असतं आणि तिने ऐकलं असतं तर?

मी तिला विचारलं, कितवीत आहेस. आठवी, ती म्हणाली. मग तिने मान खाली घातली आणि चौकटीत शून्य काढलं.